फोटो जेपीजी आहे का, हे फोटोला विचारून कळत नाही

टिकेटवर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, एकच ओळ होती, "काही फोटो वेबवर दिसत नाहीत". काही म्हणजे कुठले, कोणाचे, कधीपासून, ते काहीच नाही. मी म्हणलं तासाभराचं काम आहे, जेवायच्या आधी उरकून टाकू. ते पुरतं मिटायला पावणेतीन आठवडे गेले आणि मधे दोनदा मी ते "झालं" म्हणून बंद पण करून टाकलं होतं.

आधी अ‍ॅप काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मशीनच्या तपासणीचं अ‍ॅप आहे. फील्डवरचा माणूस मशीनचे चार-पाच फोटो काढतो किंवा गॅलरीतून निवडतो, खाली सहीची इमेज जोडतो आणि रिपोर्ट पाठवतो. ऑफिसात बसलेली माणसं तो रिपोर्ट ब्राउझरमधे उघडून बघतात. आयफोनचं अ‍ॅप माझ्याकडे, अँड्रॉइडचं आमच्या एका सहकाऱ्याकडे आणि सर्व्हरवाला तिसराच. म्हणजे एखादी गोष्ट बिघडली की बोट दाखवायला कायम दोन जण हाताशी.

तर रिपोर्ट उघडला, पाचातले दोन फोटो तुटक्या चौकटीसारखे. सर्व्हरवाल्याला दाखवलं तर तो म्हणे "माझ्याकडे तर दिसतायत". परत माझ्याकडे बघितलं, नाही दिसत. त्याच्याकडे गेलो, खरंच दिसत होते. अर्धा दिवस कॅश क्लिअर करण्यात घालवला. मग लक्षात आलं की तो सफारीत बघत होता आणि मी क्रोममधे.

इथे खरं तर ट्यूब पेटायला हवी होती, नाही पेटली. शेवटी तो फोटो डाउनलोड केला आणि टर्मिनलमधे "फाइल" कमांड चालवली. ही कमांड युनिक्समधे १९७३ पासून आहे, म्हणजे फाइलचं नाव सोडा, आत काय आहे ते बघा ही अक्कल माझ्या जन्माच्या आधीपासून उपलब्ध होती. फाइलचं नाव होतं "फोटो३.जेपीजी" आणि कमांडचं उत्तर आलं, आयएसओ मीडिया, एचईआयएफ इमेज. म्हणजे पाटी जेपीजीची आणि आत एचईआयसी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, एचईआयसी हा फोटो साठवायचा एक प्रकार, एचईआयएफ कुटुंबातला. ॲपलने २०१७ मधे आयओएस ११ बरोबर आयफोनचा कॅमेरा एचईआयसीवर नेला. तेवढ्याच क्वालिटीचा फोटो जवळपास निम्म्या जागेत बसतो म्हणून. सफारीला तो १७ व्या आवृत्तीपासून दाखवता येतो, क्रोमला येत नाही. इथपर्यंत सगळं माहीत होतं मला, पण मग माझ्या टेस्टिंगमधे हे कधीच का नाही आलं? कारण माझ्या स्वतःच्या फोनमधे सेटिंग्जमधे कॅमेऱ्यात फॉरमॅट्सखाली "मोस्ट कंपॅटिबल" निवडलेलं होतं, कधीतरी कोणाला तरी फोटो पाठवताना बदललं असणार आणि विसरून गेलो. माझ्या फोनवर वर्षानुवर्षं फक्त जेपीजीच निघत होते. मी टेस्ट करत होतो ते माझं जग, युझरचं नाही.

आता दोष कोणाचा? तर माझाच. कोडमधे मी पिकरकडून (फोटो निवडायची आयओएसची तयार खिडकी) डेटा घेत होतो आणि अपलोड करताना नाव ठोकून देत होतो, "फोटो" अधिक आकडा अधिक "डॉट जेपीजी", आणि कंटेंट टाइप, म्हणजे सर्व्हरला फाइलचा प्रकार सांगणारी चिठ्ठी, "इमेज/जेपेग". कशावरून? कशावरूनच नाही, फोटो म्हणजे जेपीजी असं गृहीतच. वर पिकरच्या कॉन्फिगरेशनमधे रिप्रेझेंटेशन मोड "करंट" ठेवलेला, कारण त्याने फोटो बदलून न घेता आहे तसा मिळतो आणि पिकर पटकन परत येतो असं वाचलं होतं. पटकन येत होता हे खरं. "कंपॅटिबल" ठेवला असता तर कदाचित आयओएसनेच जेपीजी करून दिला असता आणि मला हे सगळं कळलंच नसतं. बरं झालं का वाईट, माहीत नाही.

पहिला उपाय डोक्यात आला तो सगळ्यांना येतो तोच, एक्स्टेन्शन, म्हणजे नावातलं डॉटपुढचं, बघायचं. पिकर जो आयटम प्रोव्हायडर देतो त्यात "सजेस्टेड नेम" म्हणून नाव असतं, ते घेतलं तर नुसतंच "आयएमजी_०४१२", पुढे डॉट नाही काही नाही. मग फाइल रिप्रेझेंटेशन मागितलं, त्यात टेंपररी फाइलची यूआरएल मिळते आणि तिला एक्स्टेन्शन असतं. ती यूआरएल एका व्हेरिएबलमधे ठेवली आणि नंतर निवांत अपलोड करायला गेलो तर फाइलच नाही. ती फाइल फक्त हँडलरच्या, म्हणजे फाइल मिळाल्यावर चालणाऱ्या कोडच्या, आत जिवंत असते, हँडलर संपला की सिस्टिम उडवून टाकते. डॉक्युमेंटेशनमधे हे स्पष्ट लिहिलंय, मी अर्थातच नंतर वाचलं. हँडलरच्या आतच आपल्या फोल्डरमधे कॉपी केली, एक्स्टेन्शन घेतलं, लोअरकेस केलं (कारण कॅपिटल जेपीजी, स्मॉल जेपीजी आणि जेपीईजी असे सगळे येतात आणि ते सगळे एकच), नाव आणि कंटेंट टाइप त्यावरून लावले. टिकेट बंद केलं.

तीन दिवसांनी परत उघडलं.

झालं काय, आमच्या अ‍ॅपमधे गॅलरीशिवाय "फाइल्समधून निवडा" असा पण रस्ता आहे. तिथे फाइलचं नाव म्हणजे ज्याने जे ठेवलं ते. ब्राउझरमधून सेव्ह केलेली एक इमेज होती, नाव डॉट जेपीजी, आत वेबपी (हा अजून एक इमेजचा प्रकार). दुसरी डॉट पीएनजी, आत जेपीजी, कोणीतरी नुसतं नाव बदलून "कन्व्हर्ट" केली होती. हे करणारे लोक भरपूर आहेत हो, आणि त्यांचं चुकतं असंही नाही म्हणता येत, कारण बहुतेक ठिकाणी नाव बदलून इमेज उघडते. डीकोडर नाव बघतच नाही, आतलं बघतो. नाव बघणारे आपणच. आयओएसचं यूटीटाइप वापरून बघितलं, पण त्याला एक्स्टेन्शन दिलं की ते फक्त "या एक्स्टेन्शनचा अर्थ अमुक" एवढंच सांगतं, फाइल उघडून बघत नाही. ते काही डिटेक्टिव्ह नाही, डिक्शनरी आहे.

मग मी चिडून सोपा मार्ग धरला. म्हणलं टाइप ओळखायचाच कशाला, जे येईल ते यूआयइमेजमधे (आयओएसमधली मेमरीत उघडलेली इमेज) लोड करा आणि तिच्याकडून जेपेग डेटा काढून पाठवा. सगळे फोटो जेपीजी, विषय संपला. अँड्रॉइडवाल्याला पण सांगितलं, त्याने बिटमॅप (अँड्रॉइडमधलं तेच) करून कंप्रेस केलं. दोघंही खूष. हा माझा दुसरा "झालं".

याचे परिणाम एकेक करून आले आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच माणसाकडून आले, त्यामुळे सगळ्यांचं मूळ एकच आहे हे कळायला पण वेळ लागला. आधी अपलोड फेल व्हायला लागले. मी क्वालिटी पूर्ण एक ठेवली होती, फोटो खराब नको म्हणून, तर दोन एमबीचा एचईआयसी जेपीजी होऊन सात-आठ एमबीचा निघायला लागला, आणि जिथे मशीन असतात तिथे नेटवर्क कसं असतं ते काय सांगायचं. मग अँड्रॉइडवरून आलेल्या रिपोर्टमधे सहीच्या जागी काळा चौकोन. सही ही पारदर्शक पीएनजी असते, जेपीजीमधे पारदर्शक असा प्रकारच नाही, मग अँड्रॉइडचं कंप्रेस तिथे काळं भरतं, आणि सही पण काळ्या शाईची, म्हणजे काळ्यावर काळं. आयफोनवर तेच पांढरं येत होतं म्हणून माझ्याकडे कोणाची तक्रार नाही आणि मी दोन दिवस अँड्रॉइडवाल्याला ऐकवत होतो की तुझंच काहीतरी चुकतंय. मग काही फोटो आडवे झाले, कारण फोन उभा धरला होता की आडवा हे एक्झिफमधे, म्हणजे फोटोच्या फाइलमधेच साठवलेल्या माहितीत, लिहिलेलं असतं, अँड्रॉइडच्या बिटमॅप फॅक्टरीने ते बघितलंच नाही आणि नव्याने कंप्रेस करताना ते गेलं. आणि शेवटी जे सगळ्यात महागात पडलं ते म्हणजे तारीख. फोटो कधी काढला ही तारीख एक्झिफमधे असते, ऑफिसवाले ती बघून ठरवायचे की तपासणी खरंच त्या दिवशी झाली का. ती सगळी गायब. क्लायंटकडून जो फोन आला त्याचं वर्णन करत नाही.

त्या फोननंतर मी शांत बसून विचार केला आणि तेव्हा मला कळलं की मी मुळात प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारत होतो. नेटवर शोधताना पण मी हेच शोधत होतो, "यूआयइमेज जेपीजी आहे की पीएनजी कसं ओळखायचं". तर ते ओळखताच येत नाही. यूआयइमेज काय किंवा बिटमॅप काय, ती उलगडून ठेवलेली पिक्सेल असतात, रंगांचे आकडे नुसते. तिथे पोचेपर्यंत फाइलचा प्रकार संपलेला असतो. कोणी आपल्याला पत्र वाचून दाखवलं तर मजकूर कळतो, पण ते पोस्टकार्डावर होतं का पाकिटात होतं हे आवाजावरून कसं कळणार? पत्र हातात घेऊन बघावं लागतं. टाइप फाइलला असतो, इमेजला नसतो. म्हणून तर जुन्या यूआयइमेजपिकरमधे कॅमेऱ्याने फोटो काढला की इमेज यूआरएल रिकामी येते, कारण फाइल अजून तयारच झालेली नसते, ती कुठल्या प्रकारात लिहायची ते आपण ठरवायचं असतं. मी ते रिकामं बघून बग समजलो होतो आणि त्यावर एक कमेंट पण लिहून ठेवली होती, "ॲपलचा बग". काढली आता.

मग बाइट्सवर आलो. प्रत्येक इमेज फाइलच्या सुरवातीला ठरलेले काही बाइट असतात, त्याला मॅजिक नंबर म्हणतात. मला त्यातलं पीएनजीचं सगळ्यात आवडलं म्हणून ते जरा सविस्तर. आठ बाइट, दशमान आकड्यात १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं, ते कळतं. पण बाकीचे पाच उगाच नाहीयेत. १३७ हा १२७ पेक्षा मोठा आहे, म्हणजे फाइल जर अशा एखाद्या रस्त्याने गेली की जिथे बाइटचा आठवा बिट कापला जातो, तर पहिलाच बाइट बदलेल आणि लगेच कळेल. १३ आणि १० ही विंडोज पद्धतीची नवी ओळ, कोणी टेक्स्ट फाइल समजून ओळींचे शेवट बदलले की ही जोडी मोडते. २६ हा जुन्या डॉसमधे फाइल संपल्याची खूण होता, म्हणजे चुकून स्क्रीनवर फाइल टाइप केली तर पी-एन-जी दिसून तिथेच थांबेल, कचरा वाहणार नाही. आणि शेवटचा एकटा १० उलट दिशेने झालेली ओळीची मोडतोड पकडायला. नव्वदच्या दशकात फाइली कुठून कुठून हाल सोसत जायच्या त्याचा अख्खा इतिहास आठ बाइटमधे आहे. मी हे वाचून जेवढा खूष झालो तेवढं खूष व्हायचं माझ्या मॅनेजरला काही कारण दिसलं नाही.

बाकीचे सोपे आहेत. जेपीजी म्हणजे २५५, २१६ आणि परत २५५. जिफची सुरवात सरळ अक्षरात, जीआयएफ८७ए किंवा जीआयएफ८९ए, आवृत्तीचं वर्षच आत लिहिलेलं. वेबपी जरा फसवं आहे, ते सुरू होतं आरआयएफएफ या चार अक्षरांनी, पण वेव्हची ऑडिओ फाइल आणि जुना एव्हीआय व्हिडिओ पण तसेच सुरू होतात, मधे चार बाइट साइझ आणि मग बाइट आठ ते अकरामधे डब्ल्यूईबीपी असेल तरच ते वेबपी. नेटवर एक कोड खूप फिरतो ज्यात फक्त पहिला बाइट बघून निकाल देतात, २५५ असेल तर जेपीजी, १३७ असेल तर पीएनजी, ८२ असेल तर वेबपी वगैरे. तो मी पण आधी उचलला. जेपीजी पीएनजीपुरतं चालतं, पण एचईआयसीचा पहिला बाइट असतो शून्य. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तोच त्यातून निसटतो.

कारण एचईआयसीमधे पहिले चार बाइट म्हणजे पहिल्या डब्याची (ही फाइल अशा डब्यांची, म्हणजे तुकड्यांची बनलेली असते) साइझ, आणि डबा लहान असल्याने सुरवातीला शून्यच. नंतरच्या चार बाइटमधे एफटीवायपी अशी अक्षरं, त्यापुढच्या चारात मुख्य ब्रँड, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी चार अक्षरं, उदाहरणार्थ एचईआयसी, मग चार बाइट आवृत्तीचे आणि मग चार-चार बाइटचे सुसंगत ब्रँड, डबा संपेपर्यंत. माझ्या समोरच्या फाइलमधे साइझ होती २४, त्यातून पहिले १६ वजा केले की राहिले आठ, म्हणजे दोन ब्रँड, एमआयएफ१ आणि एचईआयसी. कागदावर मांडून बघितलं तेव्हा जुळलं, आणि खरं सांगतो खूप दिवसांनी काहीतरी समजल्यासारखं वाटलं.

इथे मी परत शहाणपणा केला. म्हणलं एफटीवायपी दिसलं की एचईआयसी समजायचं. दुसऱ्या दिवशी टेस्टरने एक व्हिडिओ फोटो म्हणून अपलोड करून दाखवला. एमपी४ आणि मूव्ह पण त्याच कुटुंबातले, त्यांच्यात पण तिथेच एफटीवायपी, फक्त ब्रँड वेगळे. आणि एव्हीआयएफ हा अजून एक इमेजचा प्रकार पण तसाच. मग ब्रँड बघायलाच लागतो. त्यात परत मुख्य ब्रँडच्या जागी कधीकधी नुसतं एमआयएफ१ असतं, त्याचा अर्थ फक्त "या कुटुंबातली इमेज" एवढाच, आत एचईआयसी आहे का एव्हीआयएफ ते कळायला पुढची सुसंगत ब्रँडची यादी वाचायची.

तो ब्रँड वाचताना अ‍ॅप क्रॅश झालं ते वेगळंच. स्विफ्टमधे (आयफोनचं अ‍ॅप ज्या भाषेत लिहितो ती) डेटाचे आठ ते बारा बाइट कापून घेतले आणि त्या तुकड्याचा शून्यावा बाइट मागितला. तर कापलेल्या तुकड्याचे नंबर शून्यापासून सुरू होत नाहीत, मूळचेच राहतात, म्हणजे त्याचा पहिला बाइट आठव्या नंबरवर. शून्य मागितलं की धाडकन. तुकडा परत नव्या डेटामधे गुंडाळायचा किंवा सुरवातीचा इंडेक्स विचारून घ्यायचा. हे मला माहीत होतं, याआधी एकदा असाच पडलो होतो, तरी परत पडलो.

तिकडे अँड्रॉइडवाल्याची वेगळीच लढाई चालू होती. त्याच्याकडे पिकरमधून फाइलचा पाथ मिळत नाही, कंटेंट यूआरआय, म्हणजे सिस्टिमने दिलेला एक पत्ता, मिळतो. त्याने पहिल्यांदा त्याचा पाथ काढून शेवटच्या डॉटनंतरचं घेतलं होतं, तर पाथ आला "डॉक्युमेंट स्लॅश इमेज कोलन" आणि पुढे आकडा, डॉटच नाही. मग कंटेंट रिझॉल्व्हरला (तो पत्ता उलगडणारा सिस्टिमचा भाग) टाइप विचारला, तो उत्तर देतो आणि बहुतेक वेळा बरोबर देतो, पण ते उत्तर बऱ्याचदा नावावरूनच ठरलेलं असतं, त्यामुळे नाव बदललेली फाइल तिथेही फसवते. शिवाय त्याच्याच जुन्या कोडमधे "इमेज/जेपीजी" लिहिलेलं होतं आणि सर्व्हरच्या यादीत फक्त "इमेज/जेपेग". अधिकृत नाव जेपेगच आहे, पण जगात दोन्ही फिरतात.

मग त्याने पण बाइट वाचायचं ठरवलं आणि इथे जे झालं ते आमच्या टीममधे अजून सांगतात. इनपुट स्ट्रीम (फाइल सुरवातीपासून क्रमाने वाचायची वाट) उघडली, पहिले बारा बाइट वाचले, टाइप अगदी बरोबर ओळखला आणि तीच स्ट्रीम पुढे अपलोडला दिली. स्ट्रीम काही आपणहून मागे येत नाही. त्यामुळे अँड्रॉइडवरून जाणारी प्रत्येक फाइल डोकं उडवून जायला लागली, पहिले बारा बाइट नाहीत. टाइप बरोबर, नाव बरोबर, कंटेंट टाइप बरोबर आणि फाइल कशातच उघडत नाही. नशीब हे आतल्या टेस्ट बिल्डमधेच सापडलं. टाइप शोधण्याच्या नादात आम्ही फाइलच मारून टाकत होतो. आता तो स्ट्रीम दोनदा उघडतो, एकदा बघायला, एकदा पाठवायला.

आता सगळ्यात लाज वाटायची गोष्ट. एवढा सगळा हाताने लिहिलेला कोड रिव्ह्यूला टाकला तर सर्व्हरवाला, ज्याने आयुष्यात स्विफ्ट लिहिलं नाही, तो म्हणे सिस्टिमकडे हे नसतं का? असतं. आयओएसमधे सीजीइमेजसोर्स म्हणून आहे, त्याला फाइलची यूआरएल द्यायची आणि गेटटाइप विचारायचं, तो आतले बाइट बघून "पब्लिक डॉट एचईआयसी" किंवा "पब्लिक डॉट जेपेग" असं सांगतो, अख्खी इमेज उलगडत पण नाही. अँड्रॉइडमधे बिटमॅप फॅक्टरीला "फक्त मापं काढ" असा ऑप्शन देता येतो, तेव्हा ती इमेज मेमरीत न घेता लांबी-रुंदी सांगते आणि सोबत आउट माइमटाइप पण भरते. दोन ओळी. मी दीडशे लिहिल्या होत्या. त्यातल्या एकशेतीस उडवल्या, बाकीच्या ठेवल्या, कारण सिस्टिमने हात वर केले की निदान पहिले बाइट लॉगमधे पडले पाहिजेत, त्याशिवाय पुढच्या वेळी काय आलं होतं ते कसं कळणार.

नियम आता असा आहे की जेपीजी, पीएनजी, वेबपी, जिफ यांना हातच लावायचा नाही, जसे आले तसे बाइट पाठवायचे, फक्त नाव आणि कंटेंट टाइप ओळखलेल्या प्रकारावरून. एचईआयसी तेवढा बदलायचा, तोही यूआयइमेजमधून नाही, तर इमेज सोर्समधून थेट इमेज डेस्टिनेशनमधे (नवी फाइल लिहिणारा आयओएसचा भाग), म्हणजे एक्झिफ सोबत जातं आणि तारीख टिकते. क्वालिटी एकवरून खाली आणली, कोणाला फरक दिसला नाही. अँड्रॉइडवाल्याला नव्या जेपीजीमधे एक्झिफ हाताने कॉपी करावं लागतं, त्यावर तो अजून कुरकुरतो. आणि सर्व्हरने अ‍ॅपवर विश्वास न ठेवता स्वतः परत बाइट तपासायचे, कारण सर्व्हरला फाइल पाठवायला आमचं अ‍ॅपच लागतं असं थोडंच आहे, कंटेंट टाइप कोणीही काहीही लिहून पाठवेल. हे सर्व्हरवाल्याला पटवायला मला माझ्याच जुन्या "फोटो३.जेपीजी" चं उदाहरण द्यावं लागलं. लगेच पटलं.

त्याने मग उत्साहात एक तपासणी जास्तीची टाकली. जेपीजीच्या शेवटी २५५, २१७ असे दोन बाइट असतात, ते नसतील तर फाइल अर्धवट आली असं समजून परत पाठवायची. कल्पना चांगली, कारण सुरवातीचे बाइट बरोबर असले तरी मधे नेटवर्क तुटलेलं असू शकतं. पण काही अँड्रॉइड फोन मोशन फोटो काढतात, त्यात जेपीजी संपल्यावर त्याच फाइलला मागे छोटा व्हिडिओ चिकटवलेला असतो. फाइलचे शेवटचे दोन बाइट मग व्हिडिओचे. एकाच मॉडेलवाल्या लोकांचे सगळे फोटो परत यायला लागले तेव्हा तो नियम काढला, आता अ‍ॅप फाइलची साइझ आधी कळवतं आणि तेवढे बाइट आले का एवढंच बघतो.

टेस्टिंगसाठी एक फोल्डर केलंय, त्यात सगळ्या खोडसाळ फाइली जमवल्यात. नाव पीएनजी आत जेपीजी, नाव जेपीजी आत वेबपी, एमआयएफ१ वाली एक, एकही बाइट नसलेली एक, फक्त सात बाइटची एक (ही फार उपयोगी, बारा बाइट असतीलच असं धरून चालणारा कोड लगेच तोंडावर पडतो), आणि मोशन फोटो. नवीन बिल्ड आली की आधी ते फोल्डर.

मागच्या आठवड्यात त्यात एक नवीन भर पडली. एका युझरची फाइल अडली, नाव अगदी व्यवस्थित डॉट जेपीजी, सिस्टिम म्हणे ओळखता येत नाही, लॉगमधे पहिले चार बाइट ३७, ८०, ६८, ७०. अक्षरं लावली तर टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ. आधी अशा वेळी अ‍ॅप नुसतं "अवैध फाइल" म्हणायचं, आता आम्ही मेसेज बदललाय, "ही फाइल फोटो नाही, पीडीएफ आहे" असं सरळ दाखवतो. तर त्या युझरने सपोर्टला लिहिलं की मला माहीत आहे ती पीडीएफ आहे, तुमचं अ‍ॅप पीडीएफ घेत नाही म्हणूनच तर मी नाव बदललं, आणि महिन्याभरापूर्वीपर्यंत हे चालत होतं, आता का बंद केलं?

सर्व्हरवर शोधलं. अशा चाळीसेक फाइली आहेत त्याच्या, सगळ्या डॉट जेपीजी, आणि ऑफिसातलं कोणीतरी त्या एकेक डाउनलोड करून नाव परत बदलून उघडत होतं. पीडीएफ जोडायची सोय पुढच्या बिल्डमधे टाकतोय.